फटके मोजायचे की होल?

क्रीडा पानावर क्रिकेट, फुटबॉल आणि कबड्डी संपली की तळाशी गोल्फच्या दोन-चार ओळी असतात. एखाद्या सोमवारी तिथे छापलेले असते की अमुक खेळाडू ‘उणे सोळा’ने विजयी झाली. दुसऱ्या एखाद्या सोमवारी तमुक खेळाडूने प्रतिस्पर्ध्याला ‘२ आणि १’ असे हरवलेले असते. पहिल्या बातमीत गुण शून्याच्याही खाली गेलेली बाई जिंकते कशी, हा प्रश्न पडतो. दुसरीत २ कशाचे आणि १ कशाचा, तेच समजत नाही. बहुतेक वाचक इथे पान उलटतात आणि त्यात त्यांचा दोष नाही, कारण या दोन बातम्या दोन वेगळ्या पद्धतींच्या आहेत हे कोणी सांगितलेलेच नसते.

स्पेनच्या कार्लोता सिगांदाची कारकीर्द पाहिली की हा गुंता आणखी वाढतो. २०१६ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिने अमेरिकेच्या महिला व्यावसायिक गोल्फ संघटनेच्या, म्हणजे एलपीजीएच्या, दोन स्पर्धा लागोपाठच्या महिन्यांत जिंकल्या. या मालिकेतले तिसरे विजेतेपद मिळायला २०२५ चा जून उजाडला. मध्ये साडेआठ वर्षे गेली. पण याच काळात युरोपचा महिला संघ अमेरिकेशी खेळायला उतरला की त्यात सिगांदाचे नाव असायचेच. २०१३ पासून २०२४ पर्यंतच्या सातही लढतींत ती होती. २०२३ मध्ये तर तिने चार सामने खेळले, चारही जिंकले, आणि करंडक युरोपकडेच राहील हे ठरवणारा गुणही तिचाच होता.

एकटीने खेळताना जी वर्षानुवर्षे जिंकत नाही, ती संघाला इतकी हवीशी का वाटते? क्रीडा समीक्षक अशा वेळी जिद्द, देशप्रेम असे शब्द काढतात. ते खोटे नसतील, पण खरे उत्तर बरेचसे गणितात आहे.

उणे सोळा म्हणजे नेमके काय

गोल्फच्या मैदानावर अठरा होल असतात. प्रत्येक होलची सुरुवात एका ठरलेल्या जागेवरून होते आणि शेवट बहुधा तीन-चारशे मीटरवरच्या एका लहान खळग्यात. चांगल्या खेळाडूने तिथवर किती फटक्यांत पोहोचावे हे आधीच ठरलेले असते. त्या आकड्याला पार म्हणतात. जवळच्या होलला तीन, मधल्याला चार, लांबच्याला पाच. अठरा होलांची बेरीज बहुधा सत्तर ते बहात्तर होते.

चार दिवस, रोज अठरा होल, म्हणजे एकूण बहात्तर. रोजचा पार ७२ असेल तर चार दिवसांचा २८८. कोणी हे सगळे २७२ फटक्यांत पुरे केले तर ती पारपेक्षा सोळा फटके कमी खेळली. हेच ते उणे सोळा. इथे फटका हा खर्च आहे, कमाई नव्हे, म्हणून ज्याचा आकडा लहान तो वरचढ. या पद्धतीला स्ट्रोक प्ले म्हणतात, आणि वर्षभरातल्या जवळजवळ सगळ्या व्यावसायिक स्पर्धा अशाच होतात.

या पद्धतीत काहीही पुसले जात नाही. गुरुवारी सकाळी चेंडू पाण्यात गेला आणि चारच्या होलला आठ फटके लागले, तर ते चार जादा फटके रविवारी संध्याकाळपर्यंत तुमच्याबरोबर राहतात. शिवाय दोन दिवस झाले की कट लागतो. साधारण वरच्या पासष्ट जणी पुढे जातात आणि बाकीच्या सामान आवरतात. बहुतेक स्पर्धांत कट हुकलेल्या खेळाडूला बक्षिसाच्या रकमेतले काहीच मिळत नाही. विमानभाडे, हॉटेल आणि कॅडीचा, म्हणजे काठ्या वाहणाऱ्या मदतनिसाचा, पगार मात्र तिचा तिलाच सोसावा लागतो.

दीडशे जणींत एक

एलपीजीएच्या नेहमीच्या स्पर्धेत १४४ खेळाडू उतरतात. समजा सगळ्या तोडीस तोड आहेत. मग प्रत्येकीची जिंकण्याची शक्यता १४४ मध्ये एक, म्हणजे एक टक्काही नाही. आता एक खेळाडू अशी घेऊ की जिची शक्यता इतर कोणाहीपेक्षा दुप्पट आहे. तिला दर आठवड्याला सुमारे १.४ टक्के संधी मिळते. ती वर्षात वीस स्पर्धा खेळली, तरी अख्खे वर्ष एकही विजेतेपद न मिळण्याची शक्यता तीन-चतुर्थांश निघते. आठ वर्षे, म्हणजे १६० स्पर्धा, सलग रिकाम्या जाण्याची शक्यताही साधारण नऊमध्ये एक उरते. लॉटरीचे तिकीट काढणाऱ्या माणसाला हा आकडा छोटा वाटणार नाही.

ही आकडेमोड कल्पित आहे. खऱ्या मैदानावर कोणी कोणाच्या बरोब्बर दुप्पट नसते. पण तिच्यातून एक गोष्ट कळते. स्ट्रोक प्लेमध्ये न जिंकणे हीच खेळाडूची नेहमीची अवस्था आहे. सातवी, बारावी, विसावी येणारी बाई उत्तम खेळलेली असते आणि तिचा संसारही नीट चालतो, फक्त क्रीडा पानावर तिचे नाव येत नाही.

सिगांदाच्या बाबतीत तर ‘दुष्काळ’ हा शब्दही पुरता खरा नाही. त्या साडेआठ वर्षांत ती युरोपच्या मालिकेतही अधूनमधून खेळत होती. तिथे तिने मायदेशातली स्पॅनिश ओपन २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये जिंकली. या दोन विजयांच्या दरम्यान, नोव्हेंबर २०२३ मध्ये, तीच स्पर्धा मार्बेयाजवळच्या लास ब्रिसास मैदानावर भारताच्या अदिती अशोकने जिंकली होती. रिकामी होती ती अमेरिकन मालिकेची ओळ, आणि जगाने मोजली तीच.

एक होल, एक निकाल

आता दुसरी पद्धत. बॅडमिंटनमध्ये पहिला गेम २१-५ असा दाणकन हरायचा आणि पुढचे दोन २१-१९, २१-१९ असे घासून घ्यायचे. गुणांची बेरीज केली तर हरलेल्याचेच जास्त भरतात, पण सामना दुसऱ्याचा. गोल्फमधल्या मॅच प्लेची रीत हीच. दोघी समोरासमोर खेळतात आणि प्रत्येक होल हा स्वतंत्र गेम असतो. कमी फटके लागले तिचा होल, सारखे लागले तर कोणाचाच नाही, आणि पुढच्या होलला पाटी कोरी.

पाच होलांचे उदाहरण घेऊ. पहिलीचे फटके ४, ४, ८, ४, ३. दुसरीचे ५, ५, ४, ५, ३. बेरजेत पहिलीचे २३ आणि दुसरीचे २२, म्हणजे स्ट्रोक प्लेमध्ये दुसरी पुढे. पण पहिलीने तीन होल घेतले, एक सोडला, एक बरोबरीत गेला. मॅच प्लेमध्ये पहिली दोनने आघाडीवर. तिसऱ्या होलवरचा तो लाजिरवाणा ८ तिथल्या तिथे संपला. आठ लागो की अठरा, किंमत एकाच होलची.

खेळणारीची वृत्ती इथून बदलते. पाण्यापलीकडे होलची खूण असलेला झेंडा आहे, दोनशे मीटरचा फटका सरळ मारला तर मोठा फायदा, चुकला तर चेंडू पाण्यात. स्ट्रोक प्लेमध्ये शहाणी बाई बाजूने जाते, कारण चूक चार दिवस छळेल. मॅच प्लेमध्ये ती समोरचीकडे बघते. समोरची अडचणीत असेल तर जपून खेळते. समोरचीचा चेंडू झेंड्याजवळ असेल तर धाडस करते, कारण तो होल तसाही हातातून चाललेला असतो. म्हणजे योग्य फटका कोणता हे मैदान ठरवत नाही, समोरचीची परिस्थिती ठरवते. लांब मारणाऱ्या, बर्डी काढण्याची हातोटी असलेल्या आणि मधूनच एखादा होल पार बिघडवणाऱ्या खेळाडूंना ही पद्धत मानवते, आणि सिगांदा या जातीची खेळाडू आहे. तिच्या कार्डावर चांगल्या-वाईटाचे चढउतार खूप असतात. स्ट्रोक प्ले दोन्हींची बेरीज करतो. मॅच प्ले चांगल्याचे पूर्ण श्रेय देतो आणि वाईटाची शिक्षा एका होलपुरती ठेवतो.

‘२ आणि १’चा अर्थ आता लागेल. आघाडी दोन होलांची आणि खेळायचा राहिला एकच. म्हणजे समोरचीला गाठणे शक्य नाही, सामना सतराव्या होलवरच संपला. ‘४ आणि ३’ असेल तर पंधराव्यावर. शेवटच्या होलपर्यंत ताणला गेला आणि एकाच होलच्या फरकाने सुटला, तर नुसते ‘१ ने’.

> चौकट : मैदानावरची भाषा
>
> बर्डी – पारपेक्षा एक फटका कमी. बोगी – एक जास्त.
>
> पट – होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावरून, म्हणजे ग्रीनवरून, चेंडू घरंगळत होलकडे ढकलणे.
>
> सोडून दिलेला पट – चेंडू होलच्या इतका जवळ आहे की पुढचा फटका चुकणारच नाही, असे प्रतिस्पर्धी मान्य करते आणि तो फटका मारायला लावत नाही. हे फक्त मॅच प्लेमध्ये चालते.
>
> फोरसम्स – दोघींच्या जोडीला चेंडू एकच, आळीपाळीने मारायचा.
>
> फोरबॉल – चौघींचे चार चेंडू. प्रत्येक जोडीतली जी कमी फटक्यांत पोहोचेल तिचा आकडा धरायचा.

नवारातली मुलगी

सिगांदाचा जन्म १ जून १९९० चा, पाम्प्लोनाचा. हे उत्तर स्पेनमधल्या नवारा प्रांताचे मुख्य शहर. गोल्फसाठी परदेशी पर्यटक येतात तो स्पेन दक्षिणेकडचा, उन्हाचा, समुद्रकिनाऱ्याचा. नवारा डोंगराळ, पावसाळी आणि फुटबॉलवेडा. तिचा काका होसे आंखेल सिगांदा हा नावाजलेला फुटबॉलपटू आणि पुढे प्रशिक्षक.

चौदाव्या वर्षी, २००४ मध्ये, ती युरोपची हौशी महिला विजेती झाली. २००७ मध्ये ब्रिटनची हौशी महिला स्पर्धा जिंकली. या दुसऱ्या स्पर्धेत आधी स्ट्रोक प्लेने छाटणी होते आणि मग मॅच प्लेच्या बाद फेऱ्या, म्हणजे विजेतीला दोन्ही पद्धतींची परीक्षा द्यावी लागते. सतराव्या वर्षी तिने ती दिली.

पुढची वाट अमेरिकेतल्या ॲरिझोना स्टेट विद्यापीठाची. अमेरिकन विद्यापीठे खेळाडूंना शिष्यवृत्ती देतात आणि त्यांच्या संघांच्या देशव्यापी स्पर्धा होतात. तिच्या आधी याच विद्यापीठात मार्बेयाजवळच्या सान पेद्रो दे आल्कान्ताराची असाहारा मुन्योस गेली होती आणि २००८ मध्ये वैयक्तिक विद्यापीठ विजेती ठरली होती. पुढच्या वर्षी दोघी एकाच संघात होत्या आणि ॲरिझोना स्टेटने सांघिक विजेतेपद घेतले. स्पेनच्या पुरुषांतला आजचा मोठा खेळाडू जॉन राम हाही काही वर्षांनी तिथलाच विद्यार्थी.

२०११ मध्ये सिगांदा व्यावसायिक झाली. २०१२ हे युरोपच्या मालिकेतले तिचे पहिले पूर्ण वर्ष. त्याच वर्षी तिने दोन स्पर्धा जिंकल्या, सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरली आणि वर्षअखेरीच्या क्रमवारीतही पहिली आली. पहिल्याच वर्षी हे दोन्ही मान मिळवणारी त्याआधीची खेळाडू इंग्लंडची लॉरा डेव्हिस, आणि ते १९८५ साल होते.

२०१४ मध्ये देशांच्या संघांसाठी ‘इंटरनॅशनल क्राउन’ ही मॅच प्ले स्पर्धा अमेरिकेत सुरू झाली. चार खेळाडूंचा संघ, आठ देश. अमेरिका आणि दक्षिण कोरिया यांच्याकडे जगातल्या पहिल्या वीसमधल्या कितीतरी जणी होत्या. जिंकला स्पेन. सिगांदा, मुन्योस, बेआत्रिस रेकारी आणि बेलेन मोसो. स्ट्रोक प्लेच्या क्रमवारीवरून हा निकाल कोणी वर्तवला नसता.

दोघींचा एक चेंडू

युरोप विरुद्ध अमेरिका ही महिलांची लढत म्हणजे सॉल्हाइम करंडक. पिंग या कंपनीचे संस्थापक कार्स्टन सॉल्हाइम यांच्या नावाने तो १९९० मध्ये सुरू झाला. बहुधा दर दोन वर्षांनी, बारा-बारा खेळाडू, तीन दिवस. पहिले दोन दिवस जोड्यांचे सामने: आठ फोरसम्स आणि आठ फोरबॉल. तिसऱ्या दिवशी सगळ्या बारा जणी एकेकट्या. एकूण २८ सामने, प्रत्येकी एक गुण, बरोबरी झाल्यास अर्धा-अर्धा.

फोरसम्स हा प्रकार पाहायला साधा आणि खेळायला क्रूर. तुमच्या साथीदाराने चेंडू झुडपात घातला तर तो तुम्हाला काढायचा असतो. तीस-चाळीस मिनिटांत तुमच्या वाट्याला कधीकधी एकच सोपा पट येतो, आणि मग अचानक दोनशे मीटरचा फटका. अंगात लय राहत नाही. फोरबॉल याच्या उलट: साथीदार सुरक्षित खेळत असेल तर तुम्ही बिनधास्त झेंड्यावर नेम धरू शकता. कर्णधाराची खरी हुशारी जोड्या लावण्यात दिसते. चढउताराची खेळाडू एकटी असली तर धोक्याची, स्थिर साथीदाराबरोबर सोन्याची.

सिगांदाची पहिली लढत २०१३ ची, कोलोरॅडोत. सुझान पेटरसनबरोबर फोरबॉल खेळताना पंधराव्या होलवर तिचा चेंडू पाण्याच्या अडथळ्यात गेला. नवा चेंडू कुठून टाकायचा यावर पंचांची चर्चा जवळजवळ अर्धा तास चालली. शेवटी सांगितलेल्या जागेवरून खेळून तिने अवघड पट घातला आणि होल बरोबरीत सोडवला. नंतर पंचांनी कबूल केले की दाखवलेली जागा नियमानुसार चुकीची होती. निकाल मात्र बदलला नाही, कारण पंचाने एकदा दिलेला निर्णय खेळाडूने पाळला की तो तिच्यासाठी अंतिम असतो. त्या वर्षी युरोपने १८-१० असा विजय मिळवला, अमेरिकेच्या भूमीवरचा पहिला.

२०१५ मध्ये जर्मनीत उलटा प्रकार घडला. अमेरिकेच्या ॲलिसन लीने होलपासून हातभर अंतरावरचा चेंडू उचलला. तिला वाटले पट सोडून दिला आहे, पण युरोपच्या जोडीने तो सोडलाच नव्हता. नियमाने होल युरोपचा झाला, सामनाही. चिडलेल्या अमेरिकेने त्याच दिवशी एकेरीत १०-६ ची पिछाडी भरून काढून करंडक नेला. सोडून दिलेला पट हा शिष्टाचार वाटतो, पण तो तोंडाने स्पष्ट द्यावा लागतो. पुढच्याच वर्षी याच ॲलिसन लीला कोरियातल्या स्पर्धेत सिगांदाने गाठले. चार दिवसांनंतर दोघींचे फटके सारखे होते. अशा वेळी जादा होल खेळवतात आणि पहिली जी मागे पडेल ती हरते. स्ट्रोक प्लेची स्पर्धा शेवटी मॅच प्लेच्या नियमावर येते, असे म्हटले तरी चालेल. सिगांदाने पहिल्याच जादा होलवर बर्डी काढली. तिचे एलपीजीएमधले पहिले विजेतेपद असे आले.

फिंका कोर्तेसीनचे तीन दिवस

सप्टेंबर २०२३. सॉल्हाइम करंडक पहिल्यांदा स्पेनमध्ये आला होता, मालागा प्रांतातल्या फिंका कोर्तेसीन मैदानावर. युरोपच्या बारा जणींत स्पेनची एकटी सिगांदा. कर्णधार होती तीच सुझान पेटरसन, कोलोरॅडोतली साथीदार.

शुक्रवारी सकाळी फोरसम्सचे चारही सामने अमेरिकेने घेतले. ४-०. घरच्या मैदानावर, घरच्या प्रेक्षकांसमोर पहिल्याच सत्रात भोपळा. पेटरसनने सिगांदाला त्या सत्रात खेळवले नव्हते. दुपारी ती उतरली आणि जिंकली. शनिवारीही जिंकली, दोनदा. शुक्रवारी दुपारीच डेन्मार्कच्या एमिली पेडरसनने बाराव्या होलवर एकाच फटक्यात चेंडू होलमध्ये घातला आणि युरोपात जीव आला. शनिवारी संध्याकाळी पाटी ८-८.

रविवारच्या बारा एकेरी सामन्यांत युरोपला सहा गुण पुरे होते. अठ्ठावीसपैकी चौदा झाले तर लढत बरोबरीत सुटते, आणि बरोबरी झाल्यास करंडक आधीच्या विजेत्याकडे राहतो. आधीचा विजेता युरोप. म्हणजे अमेरिकेला साडेचौदा हवे होते, युरोपला चौदा. कागदावर हा अर्ध्या गुणाचा फरक आहे, पण शेवटच्या तासात मैदानावरच्या प्रत्येकीला तो माहीत असतो.

सिगांदासमोर नेली कोर्डा होती, टोकियो ऑलिंपिकची सुवर्णपदकविजेती. स्ट्रोक प्लेच्या चार दिवसांत या दोघींत कोर्डावर पैज लावणारे जास्त सापडले असते, आणि त्यांचे बरोबरही ठरले असते. पण इथे अठराच होल होते आणि दोन होल ज्याने योग्य वेळी घेतले त्याचा सामना. सोळाव्या होलवर सिगांदाने चेंडू झेंड्याजवळ आणला. बर्डी. सतरावा तीनचा होल. तिथला पहिलाच फटका पुन्हा झेंड्याजवळ. पुन्हा बर्डी. २ आणि १. युरोपचे चौदा झाले.

शेवटचा सामना अमेरिकेने घेतला आणि पाटी १४-१४ वर थांबली. या करंडकाच्या इतिहासातली ती पहिली बरोबरी.

चाळीस सेकंद

कोर्डावरच्या विजयाच्या दोन महिने आधी तीच सिगांदा एका मेजर, म्हणजे सर्वांत मोठ्या गणल्या जाणाऱ्या, स्पर्धेतून अपात्र ठरली होती. प्रकरण घड्याळाचे होते.

गोल्फमध्ये चेंडू पळत नाही, म्हणून खेळाडू विचार करत उभी राहते. वारा बघायचा, उतार बघायचा, कॅडीशी बोलायचे, काठी बदलायची. एकीने असे वीस-वीस सेकंद जादा घेतले की मागच्या सगळ्या गटांचा खोळंबा होतो. खेळाचे नियम सुचवतात की आपली पाळी आल्यावर चाळीस सेकंदांत फटका मारावा. एखादा गट पुढच्या गटाच्या फार मागे पडला की पंच घड्याळ लावतात आणि त्यानंतर उशीर झाला तर दंड होतो.

जुलै २०२३ मध्ये फ्रान्समधल्या एव्हियाँ स्पर्धेच्या दुसऱ्या फेरीत सिगांदाला असा दोन फटक्यांचा दंड झाला. तिने दाद मागितली, ती फेटाळली गेली. दंड तिला मान्य नव्हता. तिने तो न धरता आपल्या कार्डावर सही केली आणि स्पर्धेतून बाहेर गेली.

दोन फटक्यांसाठी थेट हकालपट्टी का? गोल्फमध्ये प्रत्येकीमागे पंच नसतो. तुमचे फटके सोबत खेळणारी लिहिते, फेरी संपल्यावर तुम्ही तपासता आणि दोघी सही करता. बेरीज चुकली तर चालते, ती आयोजकांची जबाबदारी. पण प्रत्येक होलपुढचा आकडा खरा हवा. खऱ्यापेक्षा जास्त लिहून सही केलीत तर तोच जास्तीचा आकडा कायम होतो. कमी लिहून केलीत तर अपात्र. फक्त एक सवलत आहे: दंड झाल्याचे खेळाडूला ठाऊकच नसेल, तर तिला काढत नाहीत, तो दंड तेवढा वाढवतात. सिगांदाला तो सांगितलेला होता, म्हणून ती सवलत लागू नव्हती. मला हा नियम कठोर वाटतो, पण सहीवर चालणाऱ्या खेळात याहून मऊ नियम टिकणार नाही हेही पटते.

मॅच प्लेमध्ये हिशेब आणखी वेगळा. तिथे कार्डाच्या बेरजेला अर्थ नाही, म्हणून दोन फटक्यांच्या दंडाऐवजी होलच गमवावा लागतो. २०१२ मध्ये न्यू जर्सीतल्या सायबेस मॅच प्ले स्पर्धेत हे मुन्योसच्या बाबतीत घडले, तिच्या फायद्याचे. उपांत्य सामन्यात अमेरिकेच्या मॉर्गन प्रेसेलने बारावा होल जिंकला आणि तीनची आघाडी घेतली. लगेच तिला कळले की त्या होलवर तीन फटक्यांना तिने १२९ सेकंद घेतले आणि मुभा होती नव्वदची. होल तिच्याकडून काढून मुन्योसला दिला गेला. तीनची आघाडी एका क्षणात एकवर आली. सामना मुन्योसने जिंकला, अंतिम सामनाही. तिचे एलपीजीएमधले ते पहिले विजेतेपद. एकोणचाळीस सेकंदांची किंमत स्ट्रोक प्लेमध्ये बहात्तर होलांतले दोन फटके असते. इथे ती पाटीवरच्या दोन होलांच्या फरकाएवढी झाली.

मार्च २०२५ पासून एलपीजीएने या दंडाच्या पायऱ्या केल्या. पाच सेकंदांपर्यंतच्या उशिराला पैशाचा दंड, सहा ते पंधरा सेकंदांना एक फटका, त्यापुढे दोन.

मिशिगनमधले शेवटचे दोन होल

१५ जून २०२५, मिशिगनमधली मायर क्लासिक. सिगांदा पस्तीस वर्षांची. दोन होल राहिले होते आणि कोरियाची चोई हे-जिन एका फटक्याने पुढे होती. बाकीच्या मागे पडल्या होत्या. सुरुवातीला दीडशे जणींची असलेली स्पर्धा आता दोघींची उरली होती, आणि योग्य फटका कोणता हे समोरचीच्या पाटीवरून ठरत होते. सिगांदाने सतराव्यावर बर्डी काढली, अठराव्यावर पुन्हा बर्डी काढली आणि एका फटक्याने जिंकली. उणे सोळा, म्हणजे २७२ फटके.

शून्य की एक?

सिगांदाच्या नावावर मेजर विजेतेपद नाही. वर्षातल्या पाच सर्वांत मोठ्या स्पर्धांना मेजर म्हणतात, आणि अधिकृत नोंदीनुसार स्पेनच्या एकाही महिलेने आजवर त्यांतली एक जिंकलेली नाही. पुरुषांत सेवे बालेस्तेरोस, ओलाथाबाल, सेर्खिओ गार्सिया, राम अशी रांग आहे. महिलांच्या रकान्यात शून्य.

या शून्यालाही एक पदर आहे. माद्रिदच्या मार्ता फिगेरास-दोत्तीने १९८२ मध्ये ब्रिटिश महिला ओपन जिंकली होती, तीही हौशी खेळाडू असताना. आज ही स्पर्धा पाच मेजरांपैकी एक आहे. पण एलपीजीएने तिला मेजरचा दर्जा दिला तो २००१ मध्ये, आणि आधीच्या विजेत्यांना तो मागून लागू केला नाही. त्यामुळे मार्ताचे नाव स्पर्धेच्या विजेत्यांच्या यादीत आहे, मेजर विजेत्यांच्या यादीत नाही.